आर्थर रॅकहॅम
आर्थर रॅकहॅम (१९ सप्टेंबर, १८६७ - ६ सप्टेंबर, १९३९) हे परीकथा व अद्भुतरम्य साहित्यासाठी चित्रे काढणारे इंग्लिश चित्रकार होते. शाईची वळणदार, बारीक रेषा आणि तिच्यावर चढवलेले जलरंगांचे पातळ थर ही त्यांच्या चित्रांची ओळख होय. पुस्तकातील चित्राला स्वतंत्र कलाकृतीची प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या निधनानंतर अनेक दशकांनी उदयास आलेल्या कल्पनारम्य भूमिकाखेळांच्या चित्रांवरही त्यांच्या शैलीची छाया पडलेली दिसते.

जीवन
रॅकहॅम यांचा जन्म लंडन येथे झाला. ते बारा भावंडांपैकी एक होते. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक असल्यामुळे १८८४ मध्ये हवापालटासाठी त्यांना दोन मावश्या-आत्यांच्या सोबतीने ऑस्ट्रेलियाच्या सागरी प्रवासास पाठवण्यात आले. परतल्यावर वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी एका विमा कार्यालयात कारकुनाची नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात लॅम्बेथ कलाशाळेत शिक्षण घेतले. १८९२ मध्ये नोकरी सोडून ते ‘वेस्टमिन्स्टर बजेट’ या नियतकालिकात वार्ताहर व चित्रकार म्हणून काम करू लागले. पुढील वर्षी त्यांची चित्रे प्रथमच पुस्तकात छापली गेली.

१९०० मध्ये ग्रिम बंधूंच्या परीकथांसाठी त्यांनी काढलेली रेखाचित्रे लोकप्रिय झाली. १९०३ मध्ये त्यांनी व्यक्तिचित्रकार ईडिथ स्टार्की यांच्याशी विवाह केला. १९०८ मध्ये त्यांना बार्बरा ही कन्या झाली.

कीर्तीचा काळ
वॉशिंग्टन आयर्विंग यांच्या ‘रिप व्हॅन विंकल’ या कथेच्या १९०५ मधील आवृत्तीत रॅकहॅम यांची ५१ रंगीत चित्रे होती. मूळ चित्रांचे लंडनच्या लीस्टर गॅलरीत प्रदर्शन भरले. यानंतर असा क्रमच पडला : सामान्य प्रतींबरोबर चित्रकाराची स्वाक्षरी असलेल्या मोजक्या मौल्यवान प्रती निघत आणि मूळ चित्रे प्रदर्शनातून विकली जात. १९०६ मध्ये जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ आणि १९०८ मध्ये शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे नाटक त्यांच्या चित्रांसह प्रसिद्ध झाले.

१९०७ मध्ये त्यांनी ‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’साठी काढलेल्या चित्रांचे मात्र संमिश्र स्वागत झाले. जॉन टेनिएल यांनी १८६५ मध्ये काढलेली अ‍ॅलिस वाचकांच्या मनात इतकी रुजली होती की, दुसरी अ‍ॅलिस अनेकांना मान्य होईना.

१९१० व १९११ मध्ये त्यांनी रिचर्ड वॅग्नर यांच्या संगीतनाटकांतील उत्तरेकडील देवदेवतांच्या कथा दोन खंडांत चित्रित केल्या. लेखक सी. एस. लुईस यांना किशोरवयात या चित्रांनी झपाटून टाकले होते. त्यांनी आपल्या आत्मचरित्रात या ओढीची नोंद केली आहे.

शैली व तंत्र
टेनिएल यांच्या काळात चित्रकाराची रेषा लाकडी ठशावर कोरण्याचे काम वेगळे कारागीर करीत. त्यामुळे छापलेल्या रेषेत कोरणाऱ्याचा हातही मिसळलेला असे. छायाचित्रणाच्या साहाय्याने ठसे बनू लागल्यावर हा मध्यस्थ उरला नाही आणि टाकाची प्रत्येक थरथर कागदावर उतरू लागली. तीन रंगांच्या छपाईमुळे जलरंगही छापता येऊ लागले. मात्र अशी चित्रे वेगळ्या गुळगुळीत कागदावर छापून पुस्तकात चिकटवावी लागत.

रॅकहॅम प्रथम पेन्सिलीने आकार मांडीत, त्यावर टाकाने शाईची रेषा ओढीत, पेन्सिल पुसून टाकीत आणि मग रंगांचे पातळ हात एकावर एक देत. त्या काळच्या रंगीत छपाईत रंग मंद होत व छटा पुसट होत. पण शाईच्या रेषेमुळे रॅकहॅम यांच्या चित्रांचा आकार शाबूत राही. पिळदार मुळांची, माणसासारखे चेहरे असलेली झाडे, सुरकुतलेले बुटके आणि नाजूक पऱ्या हे त्यांचे आवडते विषय होत.

उत्तरायुष्य
पहिल्या महायुद्धानंतर महागड्या सचित्र पुस्तकांची बाजारपेठ आटली. रॅकहॅम यांनी काम थांबवले नाही. १९१९ मधील ‘सिंड्रेला’ व १९२० मधील ‘स्लीपिंग ब्यूटी’ या पुस्तकांत त्यांनी प्रामुख्याने छायाकृतींचा वापर केला. पुढे अमेरिकेतील संग्राहकांचा त्यांना आधार मिळाला.

केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’साठी चित्रे काढण्याची संधी त्यांनी पूर्वी कामाच्या व्यापामुळे नाकारली होती आणि त्याची त्यांना खंत होती. अखेरच्या वर्षांत ते काम पुन्हा त्यांच्याकडे आले. कर्करोगाने खंगलेल्या अवस्थेत त्यांनी ते पूर्ण केले. शेवटच्या चित्रातील होडीत वल्ही राहून गेल्याचे लक्षात येताच त्यांनी थकवा असूनही ती काढली, अशी आठवण सांगितली जाते. सरे परगण्यातील लिम्प्सफील्ड येथे त्यांचे निधन झाले. हे पुस्तक १९४० मध्ये न्यू यॉर्क येथे प्रसिद्ध झाले.

भूमिकाखेळांच्या चित्रांवरील प्रभाव
खेळाडूंनी एकत्र बसून योद्धा, जादूगार अशा भूमिका घ्यायच्या आणि संवादातून कथा पुढे न्यायची, असे भूमिकाखेळांचे स्वरूप असते. यांपैकी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या पुस्तिकांत साधी, हौशी वळणाची रेखाचित्रे होती. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधील राक्षसांची चित्रेही काळ्या शाईतच होती. १९८० च्या दशकात लॅरी एल्मोर आदींच्या तैलचित्रांनी मुखपृष्ठे व्यापली आणि वास्तवासारखे दिसणारे योद्धे व ड्रॅगन ही या खेळांची ओळख बनली.

दरम्यान, १९७८ मध्ये ब्रायन फ्राउड व अ‍ॅलन ली यांच्या ‘फेअरीज’ या पुस्तकाने रॅकहॅम यांची परंपरा पुन्हा वाचकांसमोर आणली. खेळांच्या क्षेत्रात ती ठळकपणे दिसली ती १९९४ च्या ‘प्लेनस्केप’ या मालिकेत. तिच्यासाठी टोनी डिटर्लिझी यांनी बारीक रेषा व फिके रंग वापरले. रॅकहॅम यांचे ऋण त्यांनी मान्य केले आहे. पुढे संगणकावर रंगवलेली चित्रे रूढ झाली. ज्या छपाईच्या मर्यादांशी जुळवून घेत रॅकहॅम यांनी आपली रेषा घडवली, त्या मर्यादा आता उरलेल्या नाहीत. तरीही वठलेल्या झाडात चेहरा दाखवू पाहणारे चित्रकार आजही त्यांच्या चित्रांकडे वळतात.