प्लेगची लस काढणारे हाफकिन साहेब

सन २०२१ च्या उन्हाळ्यांत करोनाची लस खेडोपाडीं आली, तेव्हां मराठवाड्यांत अनेक लोक तिला भ्याले, हें वाचकांस स्मरत असेल. टोंचून घेतलेला मनुष्य दोन वर्षांत मरतो, पुरुषाचें पौरुष जातें, बायकांस मूल होत नाहीं, असे निरोप एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत होते. पोखर्णी व परभणीकडील आमच्या वाचकांनीं ही भीति नवी समजूं नये. सव्वाशें वर्षांपूर्वीं हीच भीति, जवळजवळ ह्याच शब्दांनीं, लोकांच्या तोंडीं होती. त्या वेळीं ज्या मनुष्यास तिच्याशीं झगडावें लागलें, त्याचें चरित्र येथें सांगण्याचें योजिलें आहे.

वाल्देमार हाफकिन ह्यांचा जन्म १८६० सालीं काळ्या समुद्रावरील ओडेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. त्या काळीं तें शहर रशियाच्या बादशहाच्या अमलाखालीं होतें, व यहूदी लोकांवर तेथें वारंवार हल्ले होत. अशाच एका दंग्यांत आपल्या लोकांचें रक्षण करितांना हाफकिन पकडले गेले. त्यांचे गुरु मेचनिकॉफ ह्यांनीं रदबदली करून त्यांस सोडविलें. विद्यापीठांत त्यांनीं प्राणिशास्त्राचा अभ्यास उत्तम प्रकारें केला. परंतु सरकारी पंथाचा बाप्तिस्मा घेतल्यावांचून प्राध्यापकाची जागा मिळणें शक्य नव्हतें, व ती गोष्ट त्यांनीं नाकारिली. पोटासाठीं धर्म बदलला असा टोमणा ज्यांनीं कधीं ऐकला आहे, त्यांस ह्या नकाराची किंमत अधिक सांगावयास नको.

देश सोडून ते प्रथम जिनीव्हास व पुढें १८८९ सालीं पॅरिसला पाश्चर ह्यांच्या संस्थेंत गेले. तेथें त्यांस मिळालेली पहिली चाकरी ग्रंथालयांतली होती. पुस्तकें संभाळून उरलेल्या वेळांत ते पटकीच्या जंतूंचा अभ्यास करीत. १८९२ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं पटकीची लस तयार करून प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. ताप आला, दुखलें, आणि उतरलें. हाफकिन हे वैद्य नव्हते, हें येथें सांगून ठेवणें बरें. कारण पुढें हिंदुस्थानांतील कित्येक गोऱ्या डॉक्टरांनीं हीच गोष्ट त्यांच्याविरुद्ध धरिली. शिवाय रशियांतून आलेला मनुष्य म्हणून तो हेर असावा, असा संशय होता तो वेगळाच.

१८९३ सालीं ते ह्या देशांत आले, आणि दोन अडीच वर्षांत त्यांनीं सुमारें ४२ हजार लोकांस पटकीची लस टोंचली. कलकत्त्याच्या एका गरीब वस्तींत ते गेले असतां लोकांनीं दगड मारिले. तेव्हां त्यांनीं आपला सदरा वर केला व बरोबरच्या डॉक्टराकडून सर्वांच्या देखत सुई टोंचून घेतली. लोक स्तब्ध झाले, मग जवळ आले, आणि त्या वस्तींतील पुष्कळ लोकांनीं त्याच दिवशीं लस घेतली.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला. सरकारनें हाफकिन ह्यांस बोलाविलें, व ऑक्टोबरांत त्यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत कामास आरंभ केला. जंतु वाढविण्यास मांसाचा रस्सा लागे. परंतु हिंदु लोकांच्या भावना ओळखून त्यांनीं गोमांस वर्ज्य केलें व बकऱ्याचें मांस घेतलें. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवीत, व त्यांच्या खालीं जंतु लोंबत वाढत. मग ते उष्णता देऊन मारीत. ही मेलेल्या जंतूंची लस होती. तिच्यानें प्लेग होणें शक्य नव्हतें. १० जानेवारी १८९७ रोजीं नेहमींच्या मात्रेहून पुष्कळ अधिक लस त्यांनीं स्वतःस टोंचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला असतां जे कैदी आपखुशीनें पुढें आले त्यांस लस दिली. ज्यांनीं घेतली नाहीं त्यांत बाराजण आजारी पडून सहा दगावले. ज्यांनीं घेतली त्यांत दोघे आजारी पडले व एकही मेला नाहीं.

आतां लोकांच्या मनाची स्थिति पाहूं. केवळ अज्ञान म्हणून तिची थट्टा करणें अन्यायाचें होईल. १८९६ च्या ऑक्टोबरांत आर्थर रोडवरील इस्पितळावर गिरणीकामगारांनीं हल्ला केला, कारण तेथें रोग्यांस मारून त्यांची मोमियाई काढितात अशी बातमी होती. राणीच्या पुतळ्यास कोणीं डांबर फांसलें, म्हणून राणीनें रागावून प्रजेचीं काळजें मागविलीं आहेत, असेंही बोलत. ह्या गोष्टी खोट्या होत्या. पण फेब्रुवारी १८९७ मध्यें सरकारनें जो साथीचा कायदा केला, त्याच्या जोरावर घरांची झडती घेणें, बायकामाणसांस तपासणें, रोग्यास घरच्यांपासून ओढून नेणें, हें सर्व खरोखर होत होतें. पुण्यांत तर गोरे शिपाई घरांत शिरत. त्या संतापांतून २२ जून १८९७ च्या रात्रीं प्लेगचे अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. ज्या हातानें दार फोडलें तोच हात दुसऱ्या दिवशीं सुई घेऊन आला, तर ती सुई औषधाची आहे असें कोण मानील? हाफकिन स्वतः बळजबरीच्या विरुद्ध होते. लस घ्यावी तर आपखुशीनें, असा त्यांचा आग्रह असे.

त्याच वर्षीं पुण्याजवळ सावित्रीबाई फुले ह्या प्लेगच्या रोग्यांची सेवा करितां करितां १० मार्च रोजीं त्याच रोगानें वारल्या. लोक दवाखान्यास भीत असतां स्वतःच्या माणसांनीं चालविलेल्या दवाखान्यांत रोगी येत, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

मुंबईंतही असेंच झालें. खोजा जमातीचे तरुण पुढारी आगाखान ह्यांनीं आपला बंगला हाफकिन ह्यांच्या कामासाठीं दिला, व आपल्या लोकांच्या देखत स्वतः एकदां नव्हे तर अनेक वेळां लस टोंचून घेतली. त्यांचें वय तेव्हां विशीच्या आंतबाहेर होतें. मग हजारों खोज्यांनीं लस घेतली, आणि त्यांच्यांत मृत्यु कमी झाले. सरकारी जाहिरनाम्यांनीं जें झालें नाहीं तें एका ओळखीच्या मनुष्याच्या दंडानें झालें.

अफवा उठण्यास आणखी एक कारण होतें, व तें समजून घेतलें पाहिजे. ज्याच्या अंगांत प्लेगचें बीज आधींच शिरलें आहे, त्यास लस वांचवूं शकत नाहीं; तिचा गुण येण्यास कांहीं दिवस लागतात. साथ भरांत असतां शंभर जणांस टोंचलें, तर त्यांतील एक दोघे आधींच लागण झालेले असावयाचे. ते आठवड्याच्या आंत मेले कीं गांव म्हणे, सुईनें मेले. लशीनें ताप येई, दंड सुजे. तोही पुरावा ठरे. जे वांचले त्यांची गोष्ट कोणी सांगत नसे, कारण न मेलेल्या मनुष्याची बातमी होत नाहीं. पंजाबांत तर सुई हातभर लांब आहे, मनुष्य बरोबर सहा महिन्यांनीं पडतो, पुरुष नपुंसक व स्त्रिया वांझ होतात, असें लोक सांगत असल्याची नोंद आहे. दोन्ही काळच्या अफवा शेजारीं ठेवून पाहाव्या.

ह्याच पंजाबांत हाफकिन ह्यांच्यावर खरें संकट आलें. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं मुलकोवाल नांवाच्या गांवीं १०७ लोकांस लस टोंचली. त्यांपैकीं एकाच बाटलींतून ज्यांस दिली ते १९ जण धनुर्वातानें मेले. ही अफवा नव्हती. एकोणीस घरें खरोखर उघडीं पडलीं. चौकशी बसली. मुंबईच्या प्रयोगशाळेंतच बाटली बिघडली असावी, असा ठपका आला. हाफकिन ह्यांनीं लशींत कार्बोलिक घालण्याची रीत बदलली होती, हेंही त्यांच्यावर लादलें गेलें. त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें, आणि ते विलायतेस गेले.

परंतु कागदपत्रांत एक गोष्ट पडून होती. मुलकोवालीं बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, व तो नीट शुद्ध न करितां त्यानें पुन्हा वापरला होता. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हां तिला दुर्गंधि नव्हती. जंतु मुंबईपासून आंत वाढत आले असते तर ती असती. मलेरिया डांसांपासून पसरतो हें सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस व इतर नामांकित शास्त्रज्ञ ह्यांनीं १९०७ च्या जुलैंत लंडनच्या टाइम्स पत्रांत ही बाजू मांडली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. पांच वर्षें गेलीं होतीं. ते परत आले, पण मुंबईची जागा त्यांस मिळाली नाहीं. कलकत्त्यास काम करून १९१४ च्या सुमारास निवृत्त झाले. एका गलथान चिमट्यानें जेवढा विश्वास गमावला गेला तेवढा परत मिळविण्यास कित्येक साथींचा काळ लागला असावा, असें आम्हांस वाटतें.

ती लस पूर्ण रक्षण करी असें मात्र नव्हे. घेऊनही कांहींजण आजारी पडत. पण आजारी पडणारे व मरणारे पुष्कळ कमी होत. उंदरांवरील पिसवांपासून प्लेग पसरतो हें कळल्यावर उंदरांचा बंदोबस्त करण्याचें महत्त्व वाढलें. प्लेगच्या सालीं गांव सोडून शेतांत खोपटीं बांधून राहिल्याच्या गोष्टी ज्यांनीं आजोबांच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांच्या वाडवडिलांस पिसवांचें शास्त्र ठाऊक नव्हतें, परंतु त्यांनीं केलें तें बरोबर होतें.

परळ येथें जुन्या लाटसाहेबांच्या वाड्यांत १८९९ सालीं गेलेल्या त्या प्रयोगशाळेंतून १९२५ पर्यंत प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. त्याच वर्षीं तिला हाफकिन संस्था हें नांव देण्यांत आलें. त्या संस्थेंतून निघालेल्या मंडळानें पुढें पोलिओचे थेंबही तयार केले. पोखर्णीच्या शाळेंत वा अंगणवाडींत आईच्या कडेवर बसून जीं मुलें ते थेंब प्यालीं, त्यांतील कित्येकांच्या तोंडीं परळचेच थेंब पडले असतील. हाफकिन ह्यांनीं लग्न केलें नाहीं. उतारवयांत ते आपला यहूदी धर्म कसोशीनें पाळीत, व जवळचा पैसा त्यांनीं पूर्व युरोपांतील यहूदी पाठशाळांसाठीं ठेविला. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंड देशांत लोझान येथें ते वारले.