विल्यम लॅम्बटन : कोन मोजणारा सैनिक

त्रिकोणमिती म्हटली की आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. पण याच विषयाच्या बळावर एका सैनिकी अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थान मोजला. त्यांचे नाव विल्यम लॅम्बटन.

ते इंग्रज पायदळातील अधिकारी. १७९९ मध्ये ते टिपू सुलतानाविरुद्धच्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत होते. पुढे १८०२ मध्ये त्यांनी मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची पायारेषा साखळीने मोजली. त्याला ५७ दिवस लागले. त्यानंतर साखळीचे काम थोडे आणि कोनांचे काम फार. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले, की साइनच्या नियमाने उरलेल्या बाजू मिळतात. प्रत्येक नवी बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते.

साइनची किंमत ते छापील कोष्टकात पाहत. आज सी भाषेत आपण एका ओळीत ती मागतो. लायब्ररी कोन आधी लहान कक्षेत आणते, मग बहुपदीने उत्तर काढते. पण कोनच चुकीचा मोजला असेल, तर कोष्टक काय आणि संगणक काय, उत्तर चुकणारच. ती चूक पुढच्या सगळ्या त्रिकोणांत शिरते.

लॅम्बटन यांची कसोटी लागली ती १८०८ मध्ये, तंजावरला. गादीवर तेव्हा सरफोजीराजे भोसले दुसरे होते. कावेरीकाठचा मुलूख सपाट. टेकडी नाही, चहूकडे झाडी. म्हणून सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट बृहदीश्वर मंदिराच्या उंच विमानावर दोरांनी चढवायला घेतला. एक दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन मोजायचे तीन फूट व्यासाचे धातूचे वर्तुळ वाकडे झाले.

असे यंत्र जवळपास दुसरे नव्हते. लॅम्बटन तंबूत बसले. पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून त्यांनी ते वर्तुळ तिळातिळाने मूळ आकारात आणले. सहा आठवडे गेले. मगच पुढचा कोन मोजला.

हे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मोजणी पुढे नेली. जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्बटन यांची कबर आपल्या महाराष्ट्रात, हिंगणघाटला आहे.