फिरत्या कोर्टाचा वकील : अब्राहम लिंकन

अमेरिकेचे सोळावे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचे नाव शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. परंतु त्या पदावर पोहोचण्यापूर्वी सुमारे पाव शतक ते खेड्यापाड्यांतील कोर्टकचेऱ्यांत वावरले होते, हे फार थोड्यांना माहीत असते.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी राज्यातील हार्डिन काउंटीत, ओंडक्यांच्या झोपडीत झाला. काउंटी म्हणजे आपल्याकडील तालुका-जिल्ह्यासारखा विभाग. जमिनीचे दस्तऐवज, कर व न्यायदान ही कामे तिच्या मुख्य गावी चालत. केंटकीत जमिनीची पद्धतशीर सरकारी मोजणी झालेली नव्हती. एकाच शेतावर अनेकजण हक्क सांगत. वडील थॉमस कष्टाळू शेतकरी होते, पण त्यांना जेमतेम सही करता येई. सदोष कागदपत्रांपायी त्यांच्या जमिनी वादात सापडल्या आणि १८१६ साली कुटुंबाला इंडियाना गाठावे लागले.

दोन वर्षांनी आई वारली. सावत्र आई सारा यांनी मुलाच्या वाचनाला उत्तेजन दिले. शाळेचे सर्व दिवस मिळून एक वर्षही भरत नव्हते.

१८३१ मध्ये लिंकन इलिनॉय राज्यातील सँगमन काउंटीत न्यू सेलम गावी आले. १८३३ मध्ये ते तेथे पोस्टमास्तर झाले. त्याच वर्षी पुस्तकांवरून मोजणी शिकून ते काउंटीचे दुय्यम भूमापक बनले. ज्या मोजणीच्या घोळामुळे वडील देशोधडीला लागले, तेच काम मुलगा आता लोकांसाठी चोख करू लागला. बुडालेल्या दुकानाच्या कर्जापोटी त्यांचा घोडा व मोजणीची साधने लिलावात निघाली, तेव्हा एका शेतकरी मित्राने ती विकत घेऊन परत दिली. कर्ज त्यांनी पुढे वर्षानुवर्षे फेडले.

१८३४ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. कायद्याची पुस्तके उसनी आणून अभ्यास केला आणि १८३६ मध्ये वकिलीची सनद मिळवली. इलिनॉयच्या आठव्या न्यायमंडळात न्यायाधीश व वकील वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, घोड्यावरून गावोगाव फिरत. खाणावळीत एका बिछान्यावर दोघे झोपत. देणे-घेणे, बांधाचे तंटे, अब्रुनुकसानी असे दावे चालत.

१८५८ मध्ये कॅस काउंटीतील बिअर्ड्सटाउन येथे एका जुन्या स्नेह्याच्या मुलावर खुनाचा खटला उभा राहिला. चांदण्यात सर्व पाहिल्याचे साक्षीदार सांगत होता. लिंकन यांनी पंचांग काढून त्या वेळी चंद्र मावळतीला आल्याचे दाखविले. मुलगा सुटला. त्याच्या विधवा आईकडून त्यांनी फी घेतली नाही.

१८६० मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १८६२ मध्ये शेतकी व यंत्रशिक्षणाच्या कॉलेजांना सरकारी जमीन देणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली. १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघाला. १४ एप्रिल १८६५ रोजी त्यांच्यावर गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाअखेर घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. आपल्या महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्या कार्याबद्दल अमेरिकेतील सज्जनांनाच अर्पण केला.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या घरातही सातबाऱ्याचा उतारा, फेरफार, कोर्टाची नोटीस येते. ते कागद वाचून आई-वडिलांना समजावून सांगा. पालकांनीही मुलामुलींना तलाठी कार्यालयात व कचेरीत सोबत न्यावे. लिंकन यांचे खरे शिक्षण अशाच ठिकाणी झाले.