चार सुरांची सोबत

माझे कान बैठकीत तयार झाले. एक गवई, एक राग, मागे तंबोरा. एवढ्यात सारे विश्व. त्यामुळे चारपाच स्वरावली एकाच वेळी आपापल्या वाटेने चालू लागल्या की मला तो बाजारातला गलका वाटे. हा समज मोझार्टच्या शेवटच्या सिंफनीने मोडला, आणि तोही तिच्या चौथ्या, अखेरच्या भागाने.

या भागाचा मुखडा म्हणजे अवघे चार लांब सूर. आपल्या भाषेत सा, रे, म, ग. ते मोझार्टने शोधून काढले असे मुळीच नाही. जुन्या चर्चसंगीतात ते केव्हापासून वावरत होते. पण त्यांनी या माणसाची पाठ जन्मभर सोडली नाही. १७५६ साली साल्झबुर्गला जन्मलेले हे पोर बापाचे बोट धरून युरोपभर फिरले. १७६४ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, लंडनला त्याने पहिली सिंफनी रचली. तिच्या संथ भागात हॉर्न हेच चार सूर वाजवतात! पुढे १७७४ च्या त्याच्या एका प्रार्थनासंगीतातही ते भेटतात.

१७८१ त साल्झबुर्गच्या आर्चबिशपची चाकरी सोडून तो व्हिएन्नात राहिला, दुसऱ्या वर्षी कॉन्स्टान्झेशी लग्न केले. त्याच सुमारास राजग्रंथालयाचे प्रमुख बॅरन फान स्वीटन यांच्या घरी दर रविवारी बाख आणि हँडेल यांच्या जुन्या रचना वाजू लागल्या. ते संगीत तेव्हा कालबाह्य समजले जाई. मोझार्ट मात्र तेथे नव्याने विद्यार्थी झाला. एका स्वरावलीमागून दुसरी, तिच्यामागून तिसरी, अशी गुंफण कशी उभी राहते ते त्याने हाताने लिहून गिरवले. तिशीच्या उंबरठ्यावरचा नामवंत माणूस पुन्हा पाटी घेऊन बसतो, हे मला फार मोठे वाटते.

मग १७८८ चा उन्हाळा आला. तुर्कांशी युद्ध सुरू होते, पैसा आटला होता, घर शहराबाहेर हलवावे लागले. पुखबेर्ग नावाच्या व्यापारी मित्रापाशी तो पुन्हा पुन्हा उसने मागत होता. २६ जूनला एक सिंफनी पुरी झाली. तीनच दिवसांनी सहा महिन्यांची मुलगी थेरेसिया गेली. २५ जुलैला दुसरी, १० ऑगस्टला तिसरी. ही तिसरी म्हणजेच माझी सिंफनी. दुःख तिच्यात शोधू गेलो तर हाती लागत नाही. दुसरीत ते असेल. हिच्यात उजेड आहे. अंगणात मृत्यू होऊन गेलेल्या घरात हा उजेड कोठून आला, या प्रश्नापुढे मी अनेकदा थांबलो आहे.

शेवटाकडे मोझार्ट पाच वेगवेगळ्या स्वरावली एकत्र सोडतो. चार सुरांचा मुखडा त्यांतलीच एक. पहिली व्हायोलिन, दुसरी व्हायोलिन, व्हिओला, चेलो, बास. प्रत्येकाकडे पाळीपाळीने प्रत्येक स्वरावली जाते, खालची वर येते, वरची खाली उतरते, तरी कोणी कोणाला झाकत नाही. मिनिटभराचाही हा खेळ नाही. पहिल्या खेपेला मला काहीच उमगले नाही. मग एके दिवशी फक्त बासकडे कान देऊन ध्वनिमुद्रिका ऐकली; दुसऱ्या दिवशी फक्त व्हिओलाकडे. असे करता करता एकदा पाचही एकदम ऐकू आल्या आणि मी सुईवरून हात काढायलाच विसरलो.

ही सिंफनी त्याच्या हयातीत वाजली याची खात्रीची नोंद नाही. ५ डिसेंबर १७९१ रोजी, पस्तिसाव्या वर्षी, तो गेला. ज्युपिटर हे भारदस्त नाव पुढे लंडनकडून आले. मोझार्ट आपल्या रचनांची एक वही ठेवी. तिच्यात १० ऑगस्टच्या तारखेपुढे त्याने एक सिंफनी एवढेच लिहिले आहे, आणि खाली वाद्यांची यादी.