समजून घ्या : सोलापूरच्या वालचंद शेठनी उभारलेला विमान कारखाना १६ महिन्यांत हातातून का गेला?

सोलापूर : ‘वालचंद’ म्हटले की सोलापूरकरांना आधी इंजिनिअरिंग कॉलेज आठवते. पण ज्यांच्या नावाने हे कॉलेज ओळखले जाते, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनी देशातला पहिला विमान कारखाना काढला होता, हे अनेकांना माहीत नसते. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीमुळे या कारखान्याला सुरुवात मिळाली आणि युद्ध भारताच्या दारात आल्यावर तो त्यांच्या हातून गेला. नेमके काय घडले होते?

वालचंद हिराचंद कोण होते?

जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातले, जैन, व्यवसाय कापूस आणि सावकारीचा. वालचंद यांचे मन मात्र पेढीत रमले नाही. रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत भागीदारी करून ते रेल्वेचे ठेकेदार झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत गेला.

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीचे ‘एस. एस. लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. आज हाच दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्री वाहतुकीवर तेव्हा ब्रिटिश कंपन्यांची पकड होती. त्यामुळे त्यांच्याशी दरयुद्ध अटळ होते.

विमानाचा विषय कुठून आला?

१९३९ मध्ये वालचंद मोटार कारखान्याच्या बोलणीसाठी अमेरिकेत गेले होते. परतताना पॅसिफिक महासागरावरच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांची जुळणी करणारा कारखाना चालवत होते. जपानी फौजा पुढे सरकत तसा तो कारखानाही मागे हलत गेला आणि शेवटी ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लोइविंग येथे पोहोचला.

ऑक्टोबर १९४० मध्ये जपानी बॉम्बर तिथेही पोहोचले. कारखान्याचे मोठे नुकसान झाले. म्हणजे पॉलींकडे यंत्रे, सुटे भाग आणि तंत्रज्ञ होते, पण सुरक्षित जागा नव्हती. वालचंद यांच्याकडे भांडवल उभे करण्याची ताकद होती, पण विमानाचे तंत्र नव्हते. दोघांची गरज जुळली.

ब्रिटिश सरकार आधी अनुत्सुक होते. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर त्याची भूमिका बदलली. म्हैसूर संस्थानचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बंगळुरात मोफत जमीन आणि २५ लाख रुपयांचे भागभांडवल दिले. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी नोंदली गेली. वर्षाच्या आत तिथे जुळणी केलेले हार्लो प्रशिक्षण विमान उडालेही. त्यानंतर कर्टिस हॉक लढाऊ विमाने आणि व्हल्टी बॉम्बर यांच्या जुळणीची योजना होती.

कारखान्यांवर दिवसाच हल्ले का?

तेव्हाचे बॉम्ब आजच्यासारखे आपोआप लक्ष्य शोधणारे नव्हते. नेम धरायला डोळ्यांना धुराडे, शेड, गोदी दिसावी लागे. रात्री शहर सापडे, पण शहरातला एक कारखाना सापडणे अवघड. दिवसा गेले तर नेम लागण्याची शक्यता वाढते. मात्र जमिनीवरच्या तोफांना आणि शत्रूच्या लढाऊ विमानांना बॉम्बरही तितकाच स्वच्छ दिसतो.

याची किंमत किती, हे १७ एप्रिल १९४२ रोजी दिसले. ब्रिटनच्या १२ लँकेस्टर बॉम्बरनी जर्मनीतल्या ऑग्सबर्ग येथील पाणबुड्यांची डिझेल इंजिने बनवणाऱ्या कारखान्यावर दिवसाउजेडी हल्ला केला. रडारला चुकवण्यासाठी ती अगदी जमिनीलगत उडत गेली. १२ पैकी ७ परतली नाहीत. एका विमानात साधारण सात जण असत.

वालचंद यांच्या प्रकल्पावर बॉम्ब पडले का?

बंगळूर जपानी विमानांच्या टप्प्याबाहेर राहिले. विशाखापट्टणम राहिले नाही. तिथे सिंदिया कंपनी जहाजबांधणी गोदी उभारत होती. तिची पायाभरणी २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली होती. वर्षही पूर्ण झाले नव्हते, तोच ६ एप्रिल १९४२ रोजी ‘र्‍यूजो’ या जपानी विमानवाहू नौकेवरून आलेल्या विमानांनी भरदिवसा बंदर परिसरावर बॉम्ब टाकले.

प्रत्येक बॉम्बरमध्ये तिघे असत आणि इंजिन एकच. काम संपल्यावर त्यांना उघड्या समुद्रात, तोवर जागा बदललेली स्वतःची नौका शोधून उतरावे लागे. तो धोका मोठा होता. पण किनाऱ्यावर त्यांना अडवण्याची तयारी जवळपास नव्हती. या हल्ल्याने शहरात घबराट पसरली. गोदीचे काम खोळंबले आणि काही काळ मुंबईला हलवावे लागले.

मग कारखाना हातून कसा गेला?

मार्चमध्ये रंगून पडले होते. जपान बंगालच्या उपसागरात होता. विमान कारखाना खासगी हातात ठेवण्याचा धोका सरकारला नको होता. एप्रिल १९४२ मध्येच भारत सरकारने वालचंद गटाचे भाग विकत घेतले. त्यांना मोबदला मिळाला, पण कारखाना गेला. पुढच्या वर्षी तो अमेरिकी हवाई दलाकडे सोपवण्यात आला. मित्रराष्ट्रांच्या बॉम्बर आणि मालवाहू विमानांची दुरुस्ती तिथे होऊ लागली. युद्धासाठी ही मोठी मदत होती. भारतात विमान बनवण्याचा मूळ हेतू मात्र मागे पडला.

पुढे काय झाले?

वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. विशाखापट्टणमची गोदीही पुन्हा उभी राहिली. १४ मार्च १९४८ रोजी तिथे बांधलेले ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ मध्ये ही गोदीही सरकारच्या ताब्यात गेली. तोवर आजारपणामुळे वालचंद कामकाजातून बाजूला झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

बंगळूरचा कारखाना आज ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ म्हणजेच ‘एचएएल’ म्हणून ओळखला जातो. तेजस लढाऊ विमान तिथेच तयार होते. विशाखापट्टणमला ‘हिंदुस्थान शिपयार्ड’ आहे. दोन्ही सरकारी आहेत, आणि दोन्हींची सुरुवात सोलापुरात जन्मलेल्या एका ठेकेदाराने केली होती.