चुलीवाचूनचा अग्नी

आचऱ्याची गावपळण सर्वश्रुत आहे. श्री देव रामेश्वराचा कौल मिळाला की गुराढोरांसह सारा गाव वेशीबाहेर पडतो, आणि तीन दिवस, तीन रात्री घरोघरच्या चुली थंड राहतात. परंतु माणसाच्या देहातील ऊब त्यामुळे उणी होत नाही. हा चुलीवाचूनचा अग्नी कसा चालतो, या ज्ञानात ज्या महाराष्ट्रीय विदुषीने भर घातली, त्या कै. डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र वाचकांपुढे, विशेषतः मुलींच्या वडिलांपुढे, ठेवणे आम्हास अगत्याचे वाटते.

कमलाबाई माहेरच्या भागवत. विख्यात लेखिका दुर्गाबाईंच्या भगिनी. वडील व चुलते दोघेही रसायनज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेऊन त्यांनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन हे तेथील संचालक. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव त्यांनी अर्ज नाकारला. गुणांत न्यून नाही, वर्तनात दोष नाही, तरी निकाल विरुद्ध! असा निवाडा कोणत्या न्यायासनापुढे टिकला असता?

कमलाबाई स्वतः बंगळुरास गेल्या व मागे हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला, तो अपमानास्पद अटींवर. पहिले वर्ष केवळ पारखण्यापुरते, आणि त्यांच्या उपस्थितीने पुरुष संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. त्यांनी या अटी सोसल्या, श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले, आणि वर्षअखेर खुद्द रामन यांचेच मत पालटले. पुढे इतर स्त्रियांसही ते दार उघडले.

त्यानंतर केंब्रिज येथे बटाट्यावर संशोधन करीत असता, वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे द्रव्य असून ते श्वसनकार्यात भाग घेते, असे त्यांनी दाखविले. याचे मर्म असे. आगबोटीच्या यंत्रास एक बाजू तप्त व दुसरी थंड लागते. या उताराशिवाय उष्णतेपासून काम मिळत नाही. सजीव पेशीत असा उतार नाही; तेथे उष्णतामान सर्वत्र जवळपास सारखेच. म्हणून निसर्ग अन्न एकदम जाळीत नाही. अन्नातील इलेक्ट्रॉन तो हातोहात, पायरीपायरीने प्राणवायूकडे पोचवितो आणि वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेचा काही भाग पेशीच्या कामी लावतो. सायटोक्रोम सी हा त्या साखळीतील एक वाहक. या कार्याबद्दल १९३९ साली त्यांस पीएच.डी. मिळाली.

मायदेशी परतून त्यांनी दिल्ली, कुन्नूर व मुंबई येथे काम केले. नीरेतील पोषक द्रव्यांच्या अभ्यासाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. माडांच्या या किनाऱ्यास नीरेचे मोल सांगावयास नको. मुंबईच्या विज्ञानसंस्थेचे संचालकपद भूषवून त्या निवृत्त झाल्या व १९९८ साली निवर्तल्या.

ऊष्मागतिकीचे प्रमेय सोडविणारा मुलगा की मुलगी, हे प्रमेय विचारीत नाही. विचारतो तो समाज. बंगळूरचे दार बाहेरून बंद होते. आपल्याकडे मुलींचे दार पुष्कळदा घरातूनच बंद होते. कॉलेज दूर आहे, वसतिगृहाचा खर्च आहे, लग्नाचे वय होत आले, ही कारणे मुलाच्या बाबतीत का आठवत नाहीत? ज्या गावास एका कौलावर घरदार सोडून एकजुटीने बाहेर पडता येते, त्या गावास आपल्या हुशार लेकींना विद्येसाठी वेशीबाहेर पाठविणे अवघड का वाटावे? येथील व्यापारी मंडळींनी एका मुलीच्या तरी विज्ञानशिक्षणाचा भार उचलावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.