रयतेच्या पैशाचा पहारेकरी

सन १९०२ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. कलकत्त्यास व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या अध्यक्षतेखाली वरिष्ठ कायदेमंडळाची बैठक भरली होती. सरकारच्या तिजोरीत त्या वर्षी सात कोटी रुपये शिल्लक उरले होते आणि काही सभासदांनी त्याबद्दल सरकारचे अभिनंदनही केले होते. इतक्यात पुण्याचे एक पस्तीस वर्षांचे सभासद बोलावयास उभे राहिले. या अभिनंदनात आपणास मनापासून सामील होता येत नाही, असे त्यांनी नम्रपणे पण स्पष्टपणे सांगितले. हे सभासद म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. ते तेरा वर्षांचे असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. एकदा एका मित्राने गोपाळास नाटकास नेले व मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते फेडण्यासाठी गोपाळाने घरचा दिवा लावणे बंद केले आणि रस्त्यावरील कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, असे सांगतात. दोन आण्यांचे मोल काय असते, हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

१८८४ साली बी. ए. झाल्यावर गोखले पुण्यास शिक्षक झाले. त्यांनी लिहिलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक शाळांतून शिकविले जात असे. न्यायमूर्ती रानडे यांना त्यांनी गुरू मानले. रानडे त्यांच्याकडून सरकारी अहवाल वाचून घेत, त्यांतील आकडे पारखून घेत आणि एकही शब्द आधारावाचून लिहू देत नसत. ही शिस्त गोखल्यांना जन्मभर पुरली.

हिंदुस्थानच्या राज्यकारभारावरील खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला. दादाभाई नौरोजी त्याचे एक सभासद होते. या आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले १८९७ साली विलायतेस गेले. कर भरणारी रयत हिंदुस्थानातील. पण त्या पैशाच्या खर्चावर तिचा काडीइतकाही ताबा नाही, हे त्यांनी आकडे देऊन दाखविले. उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत.

याच सुमारास त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. पुण्यात प्लेगची साथ चालू होती. घरझडतीच्या वेळी सोरेजांनी अत्याचार केल्याची पत्रे त्यांना पुण्याहून आली. त्यांवर विसंबून गोखल्यांनी ते आरोप विलायतेत जाहीर केले. स्वदेशी परतताच सरकारने पुरावा मागितला. परंतु पुरावा देण्यास कोणीही पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगणे गोखल्यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यामुळे स्वकीयांनीच त्यांची कठोर निंदा केली. ते दुःख त्यांनी मुकाट्याने सोसले. जो दुसऱ्याजवळ पुरावा मागतो, त्याने स्वतःही पुराव्यावाचून बोलू नये, हा धडा त्यांनी फार मोठी किंमत देऊन घेतला.

म्हणूनच १९०२ च्या त्या भाषणातील एकेक आकडा पारखून घेतलेला होता. सरकारला दरसाल मोठी रक्कम पौंडांच्या रूपाने विलायतेस पाठवावी लागे. रुपयाची किंमत घसरत गेली, तसे एका पौंडास अधिक रुपये पडू लागले; १८९४-९५ साली तर ते अठरांवर गेले. ही तूट भरून काढण्यासाठी कर वाढविण्यात आले होते. मिठावरील कर १८८८ साली मणामागे दोन रुपयांचा अडीच रुपये झाला होता. पुढे एका पौंडास पंधरा रुपये पुरू लागले. सरकारचा खर्च वाचला, पण कर तसेच राहिले. मधल्या काळात दोन भयंकर दुष्काळ पडून गेले होते. तेव्हा ही शिल्लक सुबत्तेची नव्हे, तर गरिबाकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या पैशाची आहे, असे गोखल्यांनी सिद्ध केले.

अंदाजपत्रकावर मत देण्याचा अधिकार तेव्हा सभासदांना नव्हता. केवळ बोलता येत असे. तरीही दरवर्षी गोखले उभे राहत आणि तोच हिशेब मांडीत. मिठावरील कर १९०३ साली दोन रुपये, १९०५ साली दीड रुपया आणि १९०७ साली एक रुपया झाला. मीठभाकरी खाणाऱ्या लक्षावधी लोकांचा भार तेवढा हलका झाला.

१९११ साली त्यांनी वाढत्या सरकारी खर्चाची चौकशी व्हावी, असा ठराव मांडला. हिशेबतपासनीस सरकारपासून स्वतंत्र असावा, अशीही सूचना त्यांनी केली. खर्च करणाराच तपासनिसाचा धनी असेल, तर तपासनीस निर्भयपणे दोष कसा दाखविणार? त्याच वर्षी त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. पैसा काटकसरीने खर्च व्हावा एवढेच त्यांना पुरेसे वाटत नसे. त्याचे फळ रयतेच्या मुलांना मिळावे, अशी त्यांची तळमळ होती. १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास गोखल्यांचे निधन झाले. पुढे १९५० साली भारताची राज्यघटना अमलात आली. तिने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे स्वतंत्र पद निर्माण केले. सरकारने पैसा कसा खर्च केला आणि त्यातून योजलेले काम खरोखर साधले की नाही, हे पाहून त्यांचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. हाती अधिकार नसताना केवळ खऱ्या आकड्यांच्या बळावर गोखल्यांनी जो हिशेब मागितला, तो मागण्याचा हक्क आज प्रत्येक नागरिकाचा आहे. मात्र तो मागण्यापूर्वी आपला आकडा आपण स्वतः तपासला पाहिजे.